सिंथवर स्वतःचा टोन घडवायचाय? कूलरपासून सुरू करा

मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे नागपूरला आला, सोबत लॅपटॉप, २५ पट्ट्यांचा छोटा यूएसबी कीबोर्ड आणि व्हायटल नावाचा फुकटचा सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे आवाज मुळापासून घडवता येतो असं वाद्य, आणि पहिले तीन दिवस पोट्टं नुसतं टोन बदलत बसलं. एक टोन लावला, सारेगम वाजवलं, पुढचा. परत सारेगम. चौथ्या दिवशी मलाच म्हणते, "मामा, एवढे टोन आहेत पण मनासारखा एकही नाही भेटून राहिला."

मी म्हटलं, कूलर बंद कर.

"एवढ्या गरमीत?"

"बंद कर नं बे. आणि ऐक."

कूलर बंद केला की आवाज लगेच जात नाही, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. पंखा हळूहळू मंदावतो, घरघर खाली खाली जाते, तीन-चार सेकंदांनी गप्प. परत चालू केला की आधी मोटरचं हं... मग हवेचा आवाज चढत जातो आणि एका ठिकाणी येऊन स्थिर होतो, मग तास-दोन तास तसाच. आणि कूलरच्या तोंडावरच्या पट्ट्या डावी-उजवीकडे फिरत असल्या तर तो स्थिर आवाजसुद्धा एकदा तुमच्या कानावर येतो, एकदा भिंतीकडे जातो. बस, एन्व्हलप आणि मॉड्युलेशन म्हणजे एवढंच आहे, बाकी सगळी बटणं आहेत. चढणं, टिकणं आणि उतरणं हा एन्व्हलप झाला, आणि पट्ट्यांचं फिरणं हे मॉड्युलेशन, ते करणारा तो एलएफओ, म्हणजे लो-फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर.

मी २० वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्नं, गणपती, एप्रिल महिन्यात भीमगीतांचे प्रोग्राम, आणि माझीही पहिली काही वर्षं टोन शोधण्यातच गेली. फार उशिरा कळलं की आवाज कोणाचा आहे हे कान ठरवतो तो आवाज वेळेत कसा वागतो यावरून. पॅरिसमधे पिएर शेफर नावाचे रेडिओ इंजिनियर होते, त्यांनी १९४८ मधे घंटेच्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा ठोकाच कापून टाकला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटेना, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा ऐकू आला. घंटा तीच, फक्त सुरुवात गेली.

म्हणून खाली जे सांगतोय ते त्याच क्रमाने करा. उड्या मारू नका, मी मारल्या आहेत.

सगळं बंद करून बसा

सिंथ कोणताही असो, आधी कोरा पॅच घ्या, म्हणजे काहीच न बदललेला टोन. सॉफ्टवेअरमधे मेनूत इनिशियलाइझ किंवा इनिट असं काहीतरी लिहिलेलं असतं. हार्डवेअर असेल तर एकच ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर काढणारा भाग, चालू, वेव्ह सॉ, म्हणजे करवतीच्या दातासारखी, फिल्टरचा कटऑफ पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्य (हे दोन्ही काय ते पुढे येतंच), एलएफओची मात्रा शून्य, आणि रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट), डिले, कोरस असे सगळे इफेक्ट बंद. रिव्हर्ब तर आठवणीनं बंद करा, कारण रिव्हर्ब चालू असला की रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर आवाज विझायचा वेळ, किती ठेवलाय ते कळतच नाही, आवाजाची शेपटी रिव्हर्बची की तुमची याचा घोळ होतो.

कोरा पॅच वाजवला की अगदी भिकार आवाज येईल, डासासारखा. येऊ द्या.

ज्यांच्याकडे सिंथ नाही, घरचा साधा तालवाला कीबोर्ड आहे, त्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. यामाहाच्या पीएसआर-ई चारशेच्या मालिकेत वर नॉब असतात आणि त्यांवर कटऑफ, रेझोनन्स, अटॅक, रिलीज लावता येतात, बाकी बऱ्याच कीबोर्डमधे या गोष्टी मेनूत आत कुठेतरी असतात. कमी आहे पण शिकायला पुरतं. आणि लॅपटॉप असेल तर व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन्ही सिंथ पैसे न देता मिळतात. विंडोजवर की दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज लवकर पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्यातला बफर, म्हणजे आवाज साठवून पाठवायचा तुकडा, २५६ वर आणा, ४४१०० च्या सँपल रेटला तो साधारण ६ मिलिसेकंद होतो, तेवढं बोटाला कळत नाही.

चार नॉब, त्यातला एक वेगळा

आता अँप एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या मोठे-लहानपणाचा एन्व्हलप. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. व्हायटलमधे पहिला एन्व्हलप आधीपासूनच याला जोडलेला असतो.

पट्टी दाबल्यापासून आवाज शून्यातून पूर्ण चढायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक. चढल्यावर खाली उतरून एका पातळीला यायला लागणारा वेळ डिके. बोट दाबून आहे तोवर आवाज ज्या पातळीवर थांबतो ती सस्टेन. बोट उचलल्यावर शून्यावर जायला लागणारा वेळ रिलीज.

परत वाचा. तीन वेळ आहेत आणि एक पातळी आहे. सस्टेन हा वेळ नाही. हे एक कळलं की निम्मं काम झालं, आणि हे न कळल्यामुळे लोक महिनोन् महिने नॉब फिरवत बसतात. त्यात अजून घोळ म्हणजे सस्टेन पेडल, जे पायानं दाबतो, त्याचा आणि या सस्टेन नॉबचा काही संबंध नाही. पेडल फक्त सिंथला सांगतं की बोट अजून उचललेलं नाही असं समज.

भाच्यानं लगेच पुढचा क्लासिक प्रश्न विचारला, "मामा, हा डिके फिरवून काहीच होऊन नाही राहिलं, खराब आहे का?" बघितलं तर सस्टेन पूर्ण वर. आता आवाज चढला शंभरवर आणि थांबायचंय पण शंभरवरच, तर उतरणार कुठे? डिकेला उतरायला जागाच नाही. सस्टेन खाली आणा, अर्ध्यावर, मग डिके फिरवा, लगेच जिवंत होतो.

आता हे तीन आवाज करून बघा, एकाच सॉ वेव्हवर, बाकी कशालाही हात न लावता.

पहिला, तार छेडल्यासारखा. अटॅक शून्याच्या जवळ, डिके अर्धा सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज साधारण डिकेएवढाच. इथे एक गंमत बघा, रिलीज अगदी कमी ठेवला तर बोट लवकर उचलल्यावर आवाज कापल्यासारखा तुटतो, आणि रिलीज डिकेएवढा ठेवला तर बोट ठेवा की उचला, तार आपली वाजत विझते. संतूर, मेंडोलिन, देवळातली घंटा सगळी याच घरातली, घंटेचा डिके फक्त लांब, चार-पाच सेकंद.

दुसरा, ऑर्गन किंवा पेटीसारखा. अटॅक १० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज ५० मिलिसेकंद. इथे डिके कुठेही असला तरी फरक नाही, का ते वर आलंच आहे.

तिसरा, पॅड, म्हणजे गाण्यामागे भरून राहणारा मऊ आवाज. अटॅक दीड सेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज दोन सेकंद. एखादा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार स्वर, धरून बसा आणि बघा, तोच डासासारखा सॉ आता ढग आल्यासारखा येतो.

अटॅक एकदम शून्य ठेवला तर कधी कधी टक् असा आवाज येतो, विशेषतः बेसमधे. सिंथ खराब नाही, वेव्ह मधूनच अचानक सुरू झाल्यामुळे तो टक् येतो. तीन ते पाच मिलिसेकंद अटॅक द्या, जातो. पण बेसला थोडा टक् चांगलाही लागतो, ढोल-ताशाच्या गर्दीत तोच बेस कानापर्यंत पोचतो, म्हणून कान सांगेल ते ठेवा.

ही कल्पना आली कुठून त्याचा किस्सा मला फार आवडतो. १९६४ च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट मूग आपला सिंथ बनवत होते, आवाज निघत होता पण तो नुसता चालू नाहीतर बंद. त्यांच्यासोबत काम करणारे संगीतकार हर्बर्ट डॉइच म्हणाले की स्वराला उठाव आणि उतार पाहिजे, मग दारावरच्या बेलचं बटण आणून त्यावर कपॅसिटरचं सर्किट करून पहिला प्रयोग झाला. पुढे १९६५ मधे कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्राचे व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी या चार टप्प्यांची मागणी स्पष्ट मांडली आणि नंतर एआरपी या सिंथ कंपनीने ते सोपं करून आजची एडीएसआर (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज) ही नावं रूढ केली. म्हणजे तुम्ही आज फिरवता तो नॉब मुळात डोअरबेलचा नातेवाईक आहे.

रिलीजने माझी इज्जत घालवली होती

हे वेगळं सांगतो कारण नवीन माणूस हीच चूक करतो. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर लग्नाचा प्रोग्राम होता. घरी हेडफोनवर मी एक सुंदर पॅड बनवला होता, रिलीज सहा सेकंद, घरी ऐकताना स्वर्ग. तिथे गाणं सुरू झालं, कॉर्ड बदलला, पण आधीचा कॉर्ड अजून विझलाच नव्हता, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, ए मायनरमधे एफ मिसळला आणि एफमधे जी, नुसता चिखल. गाणारी ताई मागे वळून माझ्याकडे बघते तर मी माझ्याच नॉबकडे बघतोय. त्यात सिंथ चार व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी चारच स्वर वाजणार, आणि विझत असलेला स्वरही त्यात मोजला जातो, त्यामुळे जुन्या शेपट्यांनी चारही जागा अडवल्या की नवीन कॉर्ड दाबताच आधीचे स्वर मधेच कापले जायला लागले.

तेव्हापासून माझा हिशोब असा: गाण्याचा कॉर्ड किती वेळ टिकतो ते बघायचं आणि रिलीज त्याच्या निम्म्याहून कमी. ९० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला तालाच्या ९० मात्रा, एक मात्रा ०.६७ सेकंदाची होते, चार मात्रांना कॉर्ड बदलत असेल तर २.७ सेकंद, म्हणजे रिलीज सव्वा सेकंदाच्या आत. हॉल घुमणारा असेल तर अजून कमी, कारण हॉल स्वतःच रिलीज लावतो, तोही फुकट.

आवाजाचा रंगही वेळेत हलतो

आता फिल्टर. लो-पास फिल्टर म्हणजे वरच्या, टोकदार फ्रिक्वेन्सी कापणारा. कटऑफ म्हणजे कुठून वर कापायचं, रेझोनन्स म्हणजे त्या कापायच्या जागेवर किती जोर द्यायचा. कटऑफ हाताने हळूहळू बंद करून बघा, आवाज खोलीचं दार लावल्यासारखा दबत जातो. व्हायटलमधे आधी फिल्टर चालू केलाय का आणि ऑसिलेटर त्याच फिल्टरमधून जातोय का हे तपासा, भाचा अर्धा तास बंद फिल्टरचा नॉब फिरवत होता.

हाताने फिरवायचं काम आता दुसऱ्या एन्व्हलपला द्यायचं. तेच चार नॉब, पण ते आता आवाजाचा मोठेपणा हलवत नाहीत, कटऑफ हलवतात. आणि सोबत एक पाचवा नॉब येतो, मात्रा, बहुतेक सिंथवर एन्व्ह अमाउंट म्हणून. किती हलवायचं ते हा ठरवतो.

इथे लोक अडकतात ते असं की कटऑफ आधीच पूर्ण उघडा आणि वरून एन्व्हलपला अजून उघड म्हणतात. उघडं दार अजून किती उघडणार. आधी कटऑफ खाली आणा, आवाज दबका करा, मग अमाउंट वाढवा.

आणि दुसरं असं की अँप एन्व्हलप हा चौकीदार आहे. त्याचा सस्टेन शून्य असेल आणि डिके २०० मिलिसेकंद, तर फिल्टरचा एन्व्हलप पुढे तीन सेकंद कितीही सुंदर नाचू दे, ऐकायला आवाजच शिल्लक नाही.

मुंबईचे सेशन वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मधे राग आणि ड्रम मशीन एकत्र करून जे रेकॉर्ड केलं त्यात रोलँडचा टीबी-३०३ हा बेस सिंथ होता, त्या छोट्या डब्याला फिल्टर एन्व्हलपसाठी डिके आणि किती मात्रा एवढेच दोन नॉब. स्वराला ठसका देणारा ॲक्सेंटचा नॉब वेगळा. तेवढ्यावर ते बसके-चिरके सूर निघाले. जास्त नॉब म्हणजे जास्त चांगला सिंथ असं काही नसतं राजेहो. उलट यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ मधे फिल्टरच नाही, आणि सहा ऑपरेटर (त्यातले ऑसिलेटर), प्रत्येकाचा स्वतःचा एन्व्हलप, त्यामुळे भल्याभल्यांनी त्याचे तयार टोनच वापरले.

तंबोरा करून बघा

फिल्टर एन्व्हलप खऱ्या अर्थानं कधी कळतो सांगू, तंबोऱ्यासारखा आवाज काढताना. तंबोऱ्याची तार छेडल्यावर आवाजाचा जोर कमी कमी होत जातो, पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार जशी टेकते त्यामुळे, वरचे हार्मोनिक (मूळ स्वरावरचे उपस्वर) छेडल्यानंतर थोड्या वेळानं फुलतात. म्हणजे मोठेपणा उतरतोय आणि रंग उघडतोय, दोन गोष्टी उलट दिशेला. एका एन्व्हलपनं हे होणं शक्यच नाही.

सॉ वेव्ह. अँप एन्व्हलप: अटॅक ५ मिलिसेकंद, डिके ५ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज ५ सेकंद. फिल्टरचा कटऑफ बऱ्यापैकी खाली, रेझोनन्स निम्म्याहून थोडा वर. फिल्टर एन्व्हलप: अटॅक ६०० मिलिसेकंद, डिके ३ सेकंद, सस्टेन शून्य, मात्रा मध्यम. आता खालच्या सप्तकात प सा सा आणि खालचा खर्ज, सावकाश, एकानंतर एक. पहिल्यांदा जमणार नाही. फिल्टरचा अटॅक ३०० पासून ९०० पर्यंत थोडा थोडा सरकवत रहा, एका जागी येऊन ते झंकारल्यासारखं होतं आणि अंगावर काटा येतो, माझ्या तरी आला होता. हुबेहूब तंबोरा नाही होणार, ज्याला हुबेहूब पाहिजे त्याने तंबोरा घ्यावा. पण दोन एन्व्हलप वेगवेगळे का लागतात हे त्या एका संध्याकाळी कळून जातं.

हलवणारा, हलणारा आणि किती

मॉड्युलेशन हा शब्द ऐकून घाबरायचं नाही. कोणतंही मॉड्युलेशन तीन प्रश्नांचं उत्तर असतं: कोण हलवतंय, काय हलतंय, किती हलतंय. वर आपण जे केलं तेही मॉड्युलेशनच होतं, एन्व्हलपनं कटऑफ हलवला. आता हलवणारा बदलू.

एलएफओ म्हणजे इतका हळू चालणारा ऑसिलेटर की तो सूर म्हणून ऐकू येत नाही. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, वरचं सूर म्हणून ऐकू येतं, एलएफओ बहुधा त्याखाली असतो. एन्व्हलप पट्टी दाबल्यावर एकदा धावतो आणि संपतो, एलएफओ गोल गोल फिरत राहतो, कूलरच्या पट्ट्यांसारखा.

तो पिचला, म्हणजे स्वराच्या उंचीला, जोडला की व्हायब्रॅटो, व्हॉल्यूमला जोडला की ट्रेमोलो, कटऑफला जोडला की वॉव-वॉव. व्हायटलमधे एलएफओच्या खिडकीतलं चिन्ह माऊसनं ओढून हव्या त्या नॉबवर टाकायचं, झालं. जुन्या पद्धतीच्या हार्डवेअरवर वेगळे स्लायडर असतात.

व्हायब्रॅटोचं नीट करू, कारण सगळ्यात जास्त वाट याचीच लावतात. एलएफओचा आकार साइन किंवा ट्रँगल, वेग ५ ते ६ हर्ट्झ, आणि मात्रा अगदी कमी. एका स्वरापासून शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर १०० सेंट असतं, आपल्याला वर-खाली २०, फार तर ३० सेंट हलवायचंय. नवीन माणूस नॉब निम्म्यापर्यंत नेतो आणि मग ती ॲम्ब्युलन्स येते. ॲम्ब्युलन्सच पाहिजे असेल तर आकार स्क्वेअर करा, आवाज दोनच स्वरांत उड्या मारेल.

आणि व्हायब्रॅटो पहिल्या क्षणापासून नको. आपले गवई काय करतात, स्वर आधी सरळ लावतात, स्थिर करतात, मग आंदोलन. शहनाईवालाही लांब स्वर तसाच धरतो. म्हणून एलएफओला डिले असतो, म्हणजे तो किती उशिरा सुरू व्हायचा ते (इफेक्टमधला डिले वेगळा), तो अर्धा-पाऊण सेकंद ठेवा. लहान स्वर सरळ जातील, लांब धरलेला स्वर आपोआप थरथरायला लागेल. मी शहनाईछाप लीड, म्हणजे मुख्य चाल वाजवायचा टोन, असाच करतो: अटॅक ४० मिलिसेकंद, सस्टेन वर, मोनो मोड म्हणजे एका वेळी एकच स्वर, थोडा ग्लाइड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं, आणि हा उशिरा येणारा व्हायब्रॅटो. भाच्याच्या पहिल्या दिवसाच्या टोनमधे फक्त हा डिले घातला तर तो म्हणे, "हा वेगळा टोन आहे का?" नाही बे, तोच आहे.

तालात हलवायचं असेल तर ६० ला टेम्पोनं भागा, एका मात्रेचे सेकंद मिळतात, आणि एकाला त्यानं भागलं की हर्ट्झ. १२० च्या टेम्पोला मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मात्रेला एकदा हलायचं तर २ हर्ट्झ, दोनदा तर ४. बहुतेक सिंथमधे सिंकचं, म्हणजे एलएफओ टेम्पोला बांधायचं, बटण असतं तेव्हा हे गणित लागत नाही, पण स्टेजवर ढोलकीवाला टेम्पो आपल्या मर्जीनं वाढवतो तेव्हा सिंक कामाचा नसतो, तेव्हा हात आणि अंदाजच.

पल्स वेव्हची (स्क्वेअरसारखीच, पण वर-खालचे भाग कमी-जास्त रुंद करता येणारी) रुंदी एलएफओनं हळू हलवली, अर्धा हर्ट्झच्या आसपास, तर एकाच ऑसिलेटरमधून दोन-तीन वाजत असल्यासारखा जाड आवाज येतो, स्ट्रिंग्ससाठी मस्त. याहून जास्त सांगत नाही, स्वतः करा.

डावा हात म्हणजे भाता

पेटी वाजवणाऱ्यांना एक गोष्ट आधीच येते आणि ती त्यांना माहीत नसते. भाता. पेटीचा एन्व्हलप त्यांच्या डाव्या हातात असतो, जोर दिला स्वर फुलला, सोडला बसला. सिंथवर तेच काम मॉड व्हीलला, म्हणजे पट्ट्यांच्या डावीकडच्या चाकाला, द्या. व्हायब्रॅटोची मात्रा शून्य ठेवा आणि मॉड व्हील जेवढी वर तेवढा व्हायब्रॅटो असं जोडा. किंवा तीच व्हील कटऑफला जोडा, हळू उघडत नेली की स्वर फुलल्यासारखा वाटतो. पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली ओढायचं चाक, बहुधा दोन अर्धस्वरांवर म्हणजे २०० सेंटवर लावलेला असतो, मींडेसाठी तेवढा पुरतो, आणि पेटीवर जी मींड कधीच निघाली नाही ती इथे निघते, याचा आनंद पेटीवाल्यालाच विचारा.

व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती वेगानं दाबली, शून्य ते १२७. ती नुसती आवाजाला जोडू नका, फिल्टर एन्व्हलपच्या मात्रेलाही थोडी जोडा. मग जोरात वाजवलं की आवाज मोठा होतोच, शिवाय तेज पण होतो, खरी वाद्यं असंच वागतात. हे एक केलं की मेलेला टोन जागा होतो.

एक नागपुरी इशारा. जुन्या पद्धतीचे ॲनालॉग ऑसिलेटर, ज्यांना व्हीसीओ म्हणतात, ते तापमानानं सूर सोडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर संध्याकाळी प्रोग्राम, सहाला ट्यून केलं आणि नऊला हवा बदलली की सूर सरकलेला. चालू करून १५-२० मिनिटं तापू द्या, मग ट्यून, आणि मध्यंतरात परत. डीसीओवाले (ज्यांचा ऑसिलेटर डिजिटल नियंत्रणावर चालतो) आणि डिजिटल सिंथ यात शांत असतात. आणि कूलरची हवा थेट सिंथवर घेऊ नका, दमट असते, आत काय होतं ते दुरुस्तीवाला सांगेल.

आवाजच येत नसेल तर घाबरण्याआधी हे बघा: अटॅक चुकून आठ-दहा सेकंदांवर गेलाय का, कटऑफ पूर्ण बंद आहे का, फिल्टर एन्व्हलपची मात्रा उणे झालीय का, सस्टेन शून्य असताना तुम्ही लांब स्वराची वाट बघताय का. माझ्या अनुभवात दहातले नऊ वेळा यातलंच एक.

आता कूलर

शेवटचा सराव भाच्याकडून करून घेतला तोच देतो, कारण यात सगळं येतं.

व्हाइट नॉइज, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेला सळसळाट, घ्या, व्हायटलमधे तो सॅम्पलच्या विभागात आहे. तो लो-पास फिल्टरमधून काढा, कटऑफ ३०० हर्ट्झच्या आसपास. अँप एन्व्हलप: अटॅक अडीच सेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज चार सेकंद. फिल्टर एन्व्हलप त्याच वेळांचा, कटऑफ हजार-बाराशे हर्ट्झपर्यंत उघडेल एवढी मात्रा, म्हणजे पंखा वेग घेतो तसा आवाज चढता चढता उघडत जातो आणि बंद करताना मिटत जातो. मग एलएफओ, ट्रँगल, ०.१ हर्ट्झ म्हणजे दहा सेकंदांना एक फेरा, तो नॉइजच्या पॅनला, म्हणजे डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या नॉबला, जोडा, या झाल्या फिरत्या पट्ट्या. त्याच एलएफओची चिमूटभर मात्रा कटऑफलाही, कारण हवा दुसरीकडे वळली की आवाज नुसता बाजूला जात नाही, थोडा दबतो पण.

राहिली मोटर. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटरचं गुणगुणणं बरेचदा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला ऐकू येतं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे जी, ९८ हर्ट्झला आहे. म्हणजे ऑसिलेटरवर सॉ, अगदी हळू आवाजात, आणि पांढरी पाच दाबायची. २५ पट्ट्यांवर ती मिळत नसेल तर ऑक्टेव्हचं बटण खाली घ्या.

पोट्ट्यानं दोन तास घालवले, रिलीज वाढव, कमी कर, खरा कूलर बंद करून परत ऐक, परत नॉब. तेवढ्यात दुपारी तीनला लाईट गेली, आमच्याकडे डीपी उडाला की तासभर निश्चिंत. घरात सगळीकडे शांतता. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, त्यानं आवाज पूर्ण केला आणि पांढरी पाच दाबून धरली. अडीच सेकंदांत घरघर चढली, डावीकडून उजवीकडे गेली.

आतल्या खोलीतून आजी ओरडली, "आली का रे लाईट? मग पंखा काहून नाही फिरून राहिला माझा?"